काय, कोण, कधी, कितीत: गटाचा प्रकल्प तडीस नेताना



गटाची बचत जरा वाढली, बँकेचे कर्ज मिळेल असे दिसू लागले, की बैठकीत कुणीतरी म्हणतेच, "आता आपण काहीतरी प्रकल्प करू या." कुणी शेवयांचे यंत्र सुचवते, कुणी शेळ्या, कुणी मिरची कांडप. सगळ्याजणी माना डोलावतात. यंत्र येते, नारळ फुटतो, फोटो निघतो. आणि काही ठिकाणी वर्षा-दीड वर्षात त्याच यंत्रावर पोते टाकलेले दिसते. हप्ता मात्र चालूच असतो.

आम्ही गटांबरोबर काम करणाऱ्या समन्वयक. पोत्याखाली झाकलेली यंत्रे आम्ही पाहतो, तशी हंगामभर घरघरणारीही पाहतो. दोन्हीकडच्या बाया सारख्याच कष्टाळू असतात. पैसाही जवळपास तेवढाच लागलेला असतो. मग फरक कुठे पडतो? ज्या गटातल्या प्रत्येकीला चार प्रश्नांची उत्तरे तोंडपाठ असतात, तिथे काम तडीस जाते. काय करायचे, कोणी करायचे, कधीपर्यंत करायचे आणि कितीत करायचे, हे ते चार प्रश्न.

प्रकल्प बसला तर नुसते पैसे जात नाहीत. हप्ता थकला की गटाची पत जाते, पुढचे कर्ज अडते. एकीचे बोट दुसरीकडे वळते. घरातले म्हणायला मोकळे होतात, "सांगितलं होतं ना, तुम्हा बायकांना हे जमायचं नाही." मग तीच ताई पुढच्या बैठकीत तोंड उघडत नाही. म्हणून प्रकल्प कसा चालवायचा, हे शिकून घेतले पाहिजे.

लग्न आणि संसार

आधी प्रकल्प कशाला म्हणायचे ते पाहू. लग्न हा प्रकल्प आहे, संसार नाही. लग्नाला तारीख असते, खर्चाची मर्यादा असते, आणि अक्षता पडल्या, पंगती उठल्या की ते पार पडते. संसार रोज चालतो. तसेच कांडप यंत्र आणून, बसवून, त्यातून पहिले चांगले तिखट काढणे हा प्रकल्प. पुढे रोज कांडप चालवणे हा धंदा. दोन्हींचा विचार वेगवेगळा करावा लागतो. पुष्कळ गट लग्न थाटात लावतात, पण दुसऱ्या दिवसापासून घर कसे चालणार याचा विचार केलेला नसतो.

आणि लग्नाचे उदाहरण आम्ही मुद्दाम घेतले. पाचशे माणसांचे जेवण, मानपान, आहेर, वऱ्हाडाची उतरण्याची सोय हे सगळे आपल्यापैकी किती जणींनी निभावले आहे! नियोजन आपल्याला येतेच. फक्त घरातले नियोजन एकीच्या डोक्यात असते. गटाचे नियोजन दहा जणींच्या डोक्यात सारखेच बसवावे लागते, आणि त्यासाठी ते कागदावर आणावे लागते.

तीन दगडांची चूल

प्रत्येक प्रकल्प तीन दगडांच्या चुलीवर ठेवलेल्या भांड्यासारखा असतो. पहिला दगड म्हणजे काम किती आणि कसे करायचे. दुसरा म्हणजे वेळ. तिसरा म्हणजे पैसा. एक दगड हलवला की भांडे कलते. काम वाढवले तर पैसा किंवा वेळ वाढणार. वेळ कमी केला तर खर्च वाढेल, नाहीतर काम कच्चे राहील.

मिरची कांडपाचेच घेऊ. लोकांनी आणलेली मिरची मजुरी घेऊन कांडून द्यायची, की आपणच मिरची विकत घेऊन तिखटाची पाकिटे विकायची? वरवर पाहता यंत्र एकच. पण पहिल्या कामात भांडवल फक्त यंत्राला लागते. दुसऱ्यात मिरचीची खरेदी, साठवण, पाकिटे, लेबल, अन्न सुरक्षेची नोंदणी आणि विक्री हे सारे मागे येते. पहिल्या बैठकीत कांडून द्यायचे ठरते, दुसऱ्या बैठकीत कुणी म्हणते पाकिटेही करू, तिसऱ्या बैठकीत गोडा मसाला येतो. पैसा मात्र पहिल्याच कामापुरता असतो. म्हणून सुरुवातीलाच लिहून ठेवा: यंदा आपण एवढे करणार, आणि एवढे करणार नाही. जे करणार नाही तेही लिहायचे. पुढची भांडणे तिथेच टळतात.

पुरणपोळीचा क्रम

दुसरे कौशल्य म्हणजे कामाचा क्रम लावणे. सणाच्या दिवशी आपण काय करतो? हरभऱ्याची डाळ शिजत घालतो. ती शिजेपर्यंत कणीक मळून तिंबत ठेवतो. डाळीचे पाणी काढून कटाची आमटी एकीकडे होते. पण पुरण वाटल्याशिवाय पोळी लाटता येत नाही. काही कामे एकाच वेळी चालतात, काही एकामागे एकच होतात. एकामागे एक होणाऱ्या कामांत जो उशीर होतो, तो थेट पंगतीला होतो. डाळ उशिरा चढवली तर कणीक कितीही लवकर मळा, उपयोग नाही.

प्रकल्पातली डाळ कोणती, हे ओळखायचे असते. घराघरांतले वर्षाचे तिखट-मसाल्याचे काम उन्हाळ्यात होते, साधारण मार्च ते मे. म्हणजे यंत्र फेब्रुवारीअखेर चालू हवे. आता तिथून मागे मोजत या. यंत्र बसवायला वीजजोडणी हवी. यंत्राला सिंगल फेज चालते की थ्री फेज लागते, हे आधी विचारलेले हवे. वीजजोडणीच्या अर्जाला जागेचे कागद हवेत. यंत्राला पैसे हवेत, म्हणजे कर्ज हवे. कर्जाच्या अर्जाला दरपत्रके हवीत, ती किमान दोन-तीन ठिकाणची घ्यावीत. असे मागे मोजत आलो की दिसते, कामाला दिवाळीच्या आधीच लागावे लागणार. यातली डाळ बहुधा जागा आणि वीज असते. लेबलची छपाई, गिऱ्हाइकांची यादी, यंत्र चालवण्याचे शिक्षण ही कामे कणकेसारखी मधल्या वेळात उरकता येतात. यंत्र एप्रिलच्या शेवटी आले, तर अर्धा हंगाम गेलेला असतो आणि पहिलाच हप्ता अंगावर येतो.

हिशोब घटीसकट

तिसरे कौशल्य हिशोबाचे. आपल्या गटांची पंचसूत्रीच आहे: नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्जव्यवहार, नियमित परतफेड आणि हिशोबाची नोंद. म्हणजे हिशोबाची सवय आपल्याला आहे. प्रकल्पात तोच हिशोब थोडा पुढे न्यायचा.

समजा मिरची 200 रुपये किलोने घेतली. 5 किलोचे झाले 1,000 रुपये. देठ काढले, चांगले ऊन दिले, कांडली आणि पुन्हा वजन केले. हाती आले समजा 4 किलो 400 ग्रॅम तिखट. म्हणजे नुसत्या मिरचीचीच किंमत किलोला सुमारे 227 रुपये पडली. जिने 200 धरूनच भाव काढला, तिचे दर किलोमागे 27 रुपये कुठे गेले ते कळणारच नाही. हंगामात 200 किलो तिखट विकले तर 5,400 रुपयांहून जास्त गळती. वर वीज, पाकीट, गाडीभाडे, यंत्राची दुरुस्ती, आणि आपली मजुरी! आपले कष्ट फुकट धरायची आपल्याला खोड आहे. मजुरी धरल्यावरही पैसे उरले तरच तो नफा.

हे आकडे समजुतीसाठी आहेत. घट मिरचीच्या जातीवर आणि ओलाव्यावर ठरते. म्हणून मोठी खरेदी करण्याआधी 5 किलोचा घाणा काढून स्वतः वजन करून बघा. अशी छोटी चाचणी स्वस्त पडते. मिरची नीट वाळलेली नसेल तर काय होते, तेही त्यात कळते. तिखटाचे गोळे होतात, बुरशी धरते आणि एकदा गेलेले गिऱ्हाईक परत येत नाही.

आणखी दोन गोष्टी. सगळा पैसा यंत्रात घालू नका. माल घ्यायला, उधारी निघेपर्यंत तग धरायला खेळते भांडवल लागते. आणि अडीनडीसाठी काही रक्कम बाजूला ठेवा. पट्टा तुटतो, मोटार जळते, आणि नेमकी भर हंगामातच जळते.

कामाला नाव आणि तारीख

"आपण सगळ्या मिळून करू" हे वाक्य ऐकायला गोड आहे. पण सगळ्यांचे काम ते कुणाचेच नसते. इतिवृत्तात "दरपत्रके आणायची ठरली" असे लिहू नका. "दरपत्रके रखमाताईंनी 10 तारखेपर्यंत आणायची" असे लिहा. नाव आणि तारीख आली की काम हलते.

काम वाटताना जिला जे जमते ते तिला द्यावे. एखादीला आकडे चटकन येतात, एखादी बाजारात घासाघीस करण्यात पटाईत, एखादीला यंत्राची भीती वाटत नाही. पण अध्यक्ष, सचिव यांच्यावरच सगळे टाकू नये. त्या आजारी पडल्या, लेकीच्या बाळंतपणाला गेल्या, तर काम थांबता कामा नये. प्रत्येक महत्त्वाच्या कामाला एक मुख्य आणि एक जोडीदारीण ठेवा. पासबुक कुठे आहे, मेकॅनिकचा नंबर कुणाकडे आहे, हे दोघींना माहीत हवे.

आणि बोलण्याचे कौशल्य. नेतृत्व म्हणजे मोठ्या आवाजात बोलणे नव्हे. जी गप्प बसली आहे तिला "तुझं काय म्हणणं आहे गं?" असे विचारणे, हे नेतृत्व. पुष्कळदा अडचण तिलाच आधी दिसलेली असते. काम मागे पडले तर ते बैठकीत लवकर सांगता यावे, असे वातावरण ठेवा. उशीर सांगणारीला टोमणे बसले, तर पुढच्या वेळी ती लपवेल. आणि लपवलेला उशीर सगळ्यात महाग पडतो.

खाट, शेगडी आणि ऐंशी रुपये

हे सगळे एकत्र कसे जमून येते, ते पाहायला लिज्जत पापडाची गोष्ट घेऊ. 15 मार्च 1959 रोजी मुंबईत गिरगावातल्या सात जणींनी इमारतीच्या गच्चीवर पापड लाटले. भांडवल होते उसने घेतलेले 80 रुपये. पहिल्या दिवशी चार पाकिटे झाली. ती भुलेश्वरातल्या एका ओळखीच्या व्यापाऱ्याकडे दिली.

इथे पहिली गोष्ट दिसते ती कामाच्या मर्यादेची. त्यांनी जे हातखंडा येते तेच धरले. सुरुवातीला दोन प्रकारचे पापड होते, त्यातला एक स्वस्तातला. त्यांना वाट दाखवणारे छगनलाल पारेख यांनी सांगितले की एकच करा, पण उत्तम करा, दर्जात तडजोड नको. हिशोबही नीट ठेवा असा त्यांचा आग्रह होता. देणग्या घ्यायच्या नाहीत, हे त्या बहिणींनी तेव्हाच ठरवले.

मग आला पावसाळा. ऊन नाही, पापड वाळेनात. पहिल्या वर्षी चार महिने काम बंद ठेवावे लागले. पुढच्या वर्षी त्यांनी काय केले? खाटा आणि शेगडी घेतली. खाटेवर पापड पसरायचे आणि खाली शेगडी ठेवायची. पावसाळ्यातही काम चालू राहिले. धोका ओळखणे म्हणतात ते हेच. पाऊस दरवर्षी येणार, हे आपल्याला माहीत असते. प्रश्न एवढाच की आपली खाट आणि शेगडी आपण मे महिन्यात आणतो की जुलैत शोधत बसतो?

वाढ झाल्यावर त्यांनी कामाची घडी बसवली. मळलेले पीठ केंद्रावरून घ्यायचे, घरी पापड लाटायचे, वाळवून परत आणून द्यायचे. तिथे ते तपासून, वजन करून घेतले जातात आणि लाटण्याची मजुरी मिळते. पीठ केंद्रावरचे, त्यामुळे चव सांभाळली जाते. तपासणी रोजची, त्यामुळे चूक फार दिवस लपत नाही. पहिल्या वर्षाची विक्री 6,196 रुपये होती. त्यातून पुढे हजारो बहिणींची संस्था उभी राहिली. त्या सात जणींपैकी जसवंतीबेन पोपट यांना 2021 साली पद्मश्री जाहीर झाली.

बाहेरचे वारे

कौशल्ये आपल्या हातात असतात. पण प्रकल्पावर बाहेरचेही वारे वाहतात. ते थांबवता येत नाहीत, पण कुठून येणार हे ओळखून आडोसा करता येतो.

पहिले वारे घरातले. सुगी, मुलांच्या परीक्षा, आजारपण, लग्नसराई, आणि "आज जाऊ नकोस" म्हणणारी माणसे. म्हणून पाळ्या लावताना प्रत्येकीचे घर लक्षात घ्या. हप्ता काय, काम किती तास, पैसे कधी हाती येणार, हे घरच्यांना आधी सांगितलेले बरे. एकदा बैठकीला सासूबाईंना, नवऱ्यालाही बोलवा. ज्याला माहीत असते तो कमी अडवतो.

दुसरे वारे बाजाराचे. आपले तिखट घेणार कोण? शेजारच्या गावात दुसरे कांडप आहे का? यंत्र घेण्याआधी चाळीस-पन्नास घरी जाऊन विचारा: वर्षाला किती किलो लागते, आता कुठून घेता, काय भाव पडतो. ही दोन दुपारची पायपीट पुढचे मोठे नुकसान वाचवते. उधारीचा नियमही आधीच ठरवा आणि तो सर्वांना सारखा ठेवा, भावकीलासुद्धा.

तिसरे वारे योजनांचे. "अनुदान आहे, मग घेऊ या" ही उलटी वाट. आधी धंदा ठरवा, मग योजना शोधा. प्रधानमंत्री सूक्ष्म अन्न प्रक्रिया उद्योग योजना 2020 साली सुरू झाली. तिच्यात प्रकल्पखर्चाच्या 35 टक्के, जास्तीत जास्त 10 लाख रुपये अनुदान ठरले आणि किमान 10 टक्के वाटा स्वतःचा. पण ते अनुदान कर्जाला जोडलेले. ते सुरुवातीला हातात येऊन खर्चायला मिळत नाही, कर्ज नीट फेडत राहिल्यावर तीन वर्षांनी जमेस धरले जाते. म्हणजे तोवरचे हप्ते धंद्यातूनच निघायला हवेत. कोणत्याही योजनेत आज काय अटी आहेत, हे कृषी कार्यालयात किंवा बँकेत स्वतः जाऊन, कागद पाहून विचारा. दलालाच्या तोंडून ऐकू नका.

चौथे वारे नियमांचे आणि कार्यालयांचे. इथे म्हसवडच्या महिलांची आठवण ठेवावी. सातारा जिल्ह्यातल्या या गावी चेतना सिन्हा आणि स्थानिक महिलांनी स्वतःची बँक काढायचे ठरवले. पहिला अर्ज रिझर्व्ह बँकेने नाकारला, कारण पुष्कळ अर्जदार महिलांना लिहिता-वाचता येत नव्हते. त्या रडत बसल्या नाहीत. काही महिने अक्षरे गिरवली आणि पुन्हा गेल्या. व्याजाचा हिशोब आम्हाला तोंडी विचारा, असे त्यांनी अधिकाऱ्यांनाच सांगितले. 1997 साली माणदेशी महिला सहकारी बँक सुरू झाली. नकार आला की कारण विचारायचे, ते दूर करायचे आणि पुन्हा जायचे, हेही प्रकल्प चालवण्याचे कौशल्यच.

पाचवे वारे गावातले. निवडणूक आली की गट दोन बाजूंना ओढला जातो. यंत्र कुणाच्या वाड्यात बसवायचे, यावरूनही तट पडतात. जागा शक्यतो गटाच्या किंवा ग्रामसंघाच्या नावाने भाडेकराराने घ्या. तोंडी शब्दावर बसवलेले यंत्र घरमालकाचे मन फिरले की उचलावे लागते.

पुढच्या बैठकीत एवढे करा

आता या सगळ्याचा उपयोग कसा करायचा? एक मोठा कागद घ्या, जुन्या कॅलेंडरची पाठही चालेल. त्यावर पाच रकाने आखा: काम, नाव, कधीपर्यंत, किती खर्च, झाले की नाही. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी चित्र काढा. विजेसाठी दिवा, बँकेसाठी पासबुक, मिरचीसाठी मिरची. झालेल्या कामावर कुंकवाचे बोट लावा. कागद बैठकीच्या जागी भिंतीवर लावा, म्हणजे कुठे अडले ते सगळ्यांना दिसेल.

कागदाच्या खाली तीन ओळी मोकळ्या ठेवा. तिथे लिहा: काय काय बिघडू शकते, आणि तसे झाले तर आपण काय करू. आपली खाट आणि शेगडी ती. दर बैठकीला पहिली दहा मिनिटे या कागदाला द्या, मग बाकीचे विषय.

आणि प्रकल्प पूर्ण झाला की एक बैठक फक्त त्यासाठी घ्या. ठरवले किती, लागले किती, उशीर कुठे झाला, कुणी कुठे उत्तम काम केले, हे बोला आणि लिहून ठेवा. पुढच्या वर्षी शेवयांचे यंत्र घेताना ही वही कामी येईल. शेजारच्या गटालाही ती दाखवा. एका गटाचे शहाणपण ग्रामसंघात पोचले, तर दुसऱ्या गटाला तेच पैसे मोजून शिकावे लागत नाही.

तुमच्या गटाने असा कागद लावला, तर त्यावर काय काय लिहिले ते आम्हाला जरूर कळवा.